दाराची परीक्षा

लेक भूमिका घरात एकटी राहायला लागली, तर कामिनीला स्वयंपाकघर परत मिळणार होतं. साड्यांच्या दुकानातली नोकरी, सुटीत पोरीला ठेवायचं कुठे, ही कारणं चारचौघांत सांगायची. खरा लाभ एवढाच, की नात सांभाळायच्या नावाने जळगावात मुक्काम ठोकून बसलेल्या सासूबाई, मंदाबाई, चाळीसगावकडच्या आपल्या खेड्यात परत जातील आणि मसाल्याचा डबा कामिनीच्या हाताशी येईल.

"पोर धाकली शे आजून," मंदाबाई म्हणाल्या.

"नऊ वर्षांची घोडी झालीय, आई. परीक्षा घेऊन बघू."

परीक्षा दाराची. आई सोडून कुणालाही कडी काढायची नाही. दूधवाला आला, भूमिका हलली नाही. शेजारची सारिका गोड बोलून दमली, तरी नाही. मग कामिनीने नवऱ्यालाच, हितेंद्रला, उभं केलं. "भूमे, पप्पा आहे गं, किल्ली विसरलो." पोरीने धावत कडी काढली.

"नापास," हितेंद्रच्या पाठीमागून कामिनी म्हणाली. "पप्पा असले तरी नाही."

पोर रडली. पुढच्या खेपेला पप्पा घसा बसेस्तोवर ओरडले, कडी निघाली नाही. कामिनीने तिला कुल्फी खाऊ घातली आणि मंदाबाईंना एसटीत बसवून दिलं.

मे महिन्यात मंदाबाईंनी नातीसाठी ज्वारीच्या बिबड्या, तिच्या आवडीचे पापड, वाळवल्या. सासरे जीवरामआबा डबा घेऊन, न कळवता, भर दुपारी दारात आले. पुढचं भूमिकेने नंतर सांगितलं, न रडता, पाठ केल्यासारखं.

"भूमे, मी शे, आबा. दार उघाड."

"आबा, तुम्हालापण आईनेच पाठवलं ना?"

"नही वं, बिबड्या लई उनू."

"नाही उघडणार!"

आबा हसले. "हुशार शे मनी पोर! तुनी माय येस तवलोक मी आठेच बसस."

आबा बसले त्या पायरीवर ऊन, गल्लीत घरोघर कूलरची घरघर. आबांनी एकदा पाणी मागितलं. ती पेला भरून दारापर्यंत आली आणि थांबली. ही पण युक्तीच असणार. आईला फोन करावासा वाटला, पण परीक्षेत विचारायचं नसतं.

संध्याकाळी कामिनी आली तेव्हा आबा दाराला टेकलेले, डबा मांडीवर. तिच्या हाकेला त्यांनी ओ दिली नाही. तिचा आवाज ऐकून आतून कडी निघाली आणि आबा घरात कलंडले.

"आई, पाणी मागितलं तरी नाही उघडलं. पास ना?"

दवाखान्यात उष्माघात म्हणाले, भावकीने वय काढलं. पोरीची चूक नाही, असं जो तो म्हणाला. मग कुणाची, हे कुणी विचारलं नाही.

तेराव्यानंतर मंदाबाई जळगावातच राहिल्या. मसाल्याचा डबा खालच्या फळीवर ठेवतात, कामिनी वाकून घेते. नोकरी तिने सोडली. बेल वाजली की भूमिका मोरीत जाऊन उभी राहते. भाजी निवडताना कधी हळूच विचारते, "आई, मी पास झाले का?" कामिनी देठं मोडत राहते.

स्वयंपाकघर कामिनीचं गेलं, कुंकू मंदाबाईंचं. त्या परीक्षेची फी आबांनी एका दुपारीत चुकती केली. भूमिका अजून भरतेच आहे.