नॉर्वेचा नारळ

शिमग्यात नवलाईदेवीची पालखी चिंचेखालच्या सहाणेवर, म्हणजे दगडी चौथऱ्यावर बसली, की गावचे प्रमुख, गावकर आप्पा कीर मानाची यादी म्हणत. यादी तोंडपाठ, कागदावर ती कधी कोणी पाहिलेली नाही. पहिला मान कीरांचा, दुसरा नागवेकरांचा, तिसरा मयेकरांचा, चौथा पिलणकरांचा आणि पाचवा नॉर्वेचा. नाव पुकारलं की पुढे यायचं, नारळ-विडा घ्यायचा, देवीला नमस्कार करायचा आणि आपल्या जागेवर जाऊन उभं राहायचं. नॉर्वेच्या नावाला दादू शिवलकर पुढे येई.

दादू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला कारकून. होडीत बसला की त्याला मळमळे, आणि बर्फ त्याने फक्त मासळीखाली पाहिलेला. पण भाट्याच्या पुलापलीकडच्या या वाडीत गेली एकतीस वर्षं नॉर्वे म्हणजे तोच. त्याआधी त्याचा बाप आणि त्याआधी आजा.

सुरुवात आजानेच करून ठेवलेली. महायुद्धाच्या दिवसांत एक जहाज बाहेरच्या खडकावर फुटलं, आणि आजाने होडी घालून तीन गोरे खलाशी काढले. ते शिमग्यापर्यंत त्याच्याच पडवीत राहिले, कुळथाची पिठी खाऊन गुटगुटीत झाले आणि पालखी आली तेव्हा खांदा देऊन असे नाचले, की गाव खूश झालं. त्या खुशीत गावाने त्यांच्या देशाला मान देऊन टाकला. चैत्रात खलाशी गेले. मान राहिला. मान हा फणसाच्या चिकासारखा, एकदा लागला की जात नाही. मग पुढच्या वर्षी नारळ घेणार कोण, तर ज्याने आणले त्याने. शिवलकरांना स्वतःचा मान नव्हता, कारण ते दापोलीकडून इथे येऊन जेमतेम शंभर वर्षं झालेली, अजून उपरेच. नॉर्वेला ती अट लागू झाली नाही.

तर अशी ही ऐंशी वर्षांची मैत्री. गाव ती इमानाने पाळत आलं होतं. फक्त नॉर्वेला ती ठाऊक नव्हती.

ती दादूच्या मुलाने कळवली. ऋत्विक एका नॉर्वेजियन जहाजावर तिसरा अधिकारी होता. जेवताना कप्तानाला त्याने सहज सांगितलं, की आमच्या गावात दरवर्षी तुमच्या देशाचा नारळ निघतो. कप्तानाला घास उतरेना. त्याने बर्गनच्या कुठल्याशा नाविक-मैत्री मंडळाला लिहिलं आणि मंडळाच्या अध्यक्ष सिग्रिडबाई शिमग्याला स्वतः येते म्हणाल्या. देशाच्या वतीने नारळ स्वीकारायला. ऋत्विकने हे फोनवर असं सांगितलं, जशी काही बापाला पद्मश्री मिळालीय. दादू "बरं" म्हणाला आणि फोन ठेवून बराच वेळ दूधवाल्याच्या हिशेबाकडे बघत बसला.

त्याला आनंद व्हायला हवा होता. तो शोधूनही सापडेना. पाहुणीला सगळं घर दाखवीन, आजाची पडवी दाखवीन, हे त्याला मनापासून वाटत होतं. पण तिने नारळ घेतला, की आपण उभं कुठे राहायचं? पिलणकर आणि चिंचेचं खोड यांच्यामध्ये दीड फूट जागा होती. जगात तेवढीच एक जागा होती जिथे शिवलकरांना कोणी "जरा बाजूला हो" म्हणत नसे.

तो आप्पांकडे गेला. आप्पांच्या ओट्यावर तीन मानकरी आधीच बसलेले होते आणि विषय हाच होता. मयेकरांचं म्हणणं, मान घरातल्या थोरल्याने घ्यायचा. ही बाई नॉर्वेतल्या थोरल्या पातीची की धाकट्या? नागवेकरांना बाईमाणसाने नारळ घेण्याचीच शंका होती. आप्पांनी ती निकालात काढली. ती बाई म्हणून येत नाही, देश म्हणून येतेय, आणि देशाला बाई-बाप्या नसतं.

"आणि मी?" दादूने विचारलं.

आप्पांनी सुपारी कातरली. "दादू, बाग कोणाची?"

"कोणती बाग?"

"कोणतीही. मालक मुंबईत असला की राखणदार राखतो. मालक आला की राखणदार बाजूला होतो. रीत हाय ती."

रीत बरोबर होती. दादूला त्यात खोट काढता येईना, म्हणून तर तो जास्तच गोंधळला. घरी येऊन त्याने बायकोला विचारलं, आपण नक्की कोण? मथुरा तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, आज तुम्ही जे कोण असाल त्यांनी गिरणीत जाऊन यावं.

सिग्रिडबाई आल्या, सोबत रजा घेऊन ऋत्विकही आला. बाई उंच, साठीच्या, उन्हाने शेंदरी झालेल्या आणि फार चांगल्या. हीच पंचाईत होती. वाईट असत्या तर दादूला काही दिशा तरी मिळाली असती. त्यांनी मथुरेला वाळवलेला मासा भेट दिला, लाकडाच्या फळीएवढा. मथुरेने वास घेतला, सुकी मासळी ती, आम्हाला काय शिकवायची, असं म्हणून तो बोंबलांशेजारी टांगला. पडवीत आजाच्या झोपाळ्यावर बसून सिग्रिडबाईंचे डोळे भरले. दादूचेही भरले, पण नेमके कोणाच्या बाजूने, ते त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पालखी सहाणेवर बसली. ढोल थांबले. सिग्रिडबाई नऊवारी नेसून, हातात बोटभर झेंडा घेऊन पुढे उभ्या होत्या. दादू मागे बायकांच्या रांगेजवळ, जिथे त्याला दोनदा "जरा बाजूला हो" ऐकायला मिळालं. कीर झाले, नागवेकर झाले, मयेकर, पिलणकर झाले.

"नॉर्वे," आप्पा म्हणाले.

सिग्रिडबाई पुढे झाल्या. ओंजळ पसरली. आप्पांनी नारळ उचलला आणि हात मध्येच थांबवून ऋत्विकला म्हणाले, "रिवाजाचं तेवढं विचार त्यांना. घरात सोयर-सुतक काय नाय ना?"

ऋत्विकने इंग्रजीत समजावलं, की दहा-बारा दिवसांत घरात जन्म किंवा मृत्यू झाला असेल तर देवाच्या कामाला हात लावत नाहीत. बाई म्हणाल्या, नाही, घरी सगळे ठीक आहेत.

"त्यांच्या घरचं नाय विचारत मी," आप्पा शांतपणे म्हणाले. "मान त्यांचा नाय, नॉर्वेचा. नॉर्वेत कोण वारलंय काय?"

ऋत्विकने हे भाषांतर करताना तीनदा घाम पुसला. सिग्रिडबाई प्रामाणिक देशाच्या. त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाल्या, नक्की आकडा नाही सांगता येणार, पण रोज शंभरावर तरी वारत असतील.

"एकशेवीस," आप्पा चिंचेकडे बघत म्हणाले.

मानकऱ्यांनी डोकी एकत्र केली. हिशेब कोणालाच सुटेना. दहा दिवस सरायच्या आत रोज नवे एकशेवीस. आणि जन्मतात ते वेगळेच. मयेकर हळहळून म्हणाले, म्हणजे बिचाऱ्या देशाला सुतक फिटतच नाही. नागवेकरांनी टोपी काढली.

"मग मान बुडवायचा काय?" पिलणकरांनी विचारलं.

"मान बुडत नसतो," आप्पा म्हणाले. "दादू शिवलकर, पुढे ये."

दादू आला. पाय येत होते, डोकं मागेच राहिलं होतं. नारळाला हात लावण्याआधी त्याच्यातला कारकून जागा झाला. "पण आप्पा, एकतीस वर्षं मी नॉर्वेच आहे ना? मग सुतक मलाही..."

"राखणदाराला मालकाचं सुतक लागत नाय," आप्पा म्हणाले. "म्हणून तर राखणदार ठेवतात. धर आता, हात दुखला माझा."

दादूने नारळ धरला, देवीला नमस्कार केला आणि पिलणकर व चिंचेच्या खोडामधल्या दीड फुटात जाऊन उभा राहिला. जागा तशीच होती. ढोल पुन्हा सुरू झाले. सिग्रिडबाईंना ऋत्विकने काय सांगितलं कोण जाणे, पण त्या गंभीरपणे मान हलवत होत्या. आपल्या मेलेल्या माणसांची इतकी दखल कोणी घेतल्याचं त्यांनी पूर्वी पाहिलं नसावं.

संध्याकाळी दादूने रिवाजाप्रमाणे नारळ फोडला. एक भकल समुद्रात सोडलं. दुसरं गूळ घालून प्रसादाला ठेवलं आणि पहिला तुकडा पाहुणीपुढे धरला. धरला आणि थबकला. हा नॉर्वेचा नारळ. तो नॉर्वेने घेतला. आता नॉर्वेच तो नॉर्वेला देतेय, की शिवलकर पाहुण्याला देतायत? आणि आभार मानायचे कोणी? बाईही हात पुढे करून, बहुधा त्याच विचारात, थांबल्या होत्या.

"द्या हो," मथुरा म्हणाली. "मुंग्या येतायत."

त्याने दिला. त्यांनी खाल्ला. दोघांनी एकदमच आभार मानले.

अंथरुणावर पडल्यावर मात्र दादूला एक गोष्ट छळू लागली. कोणाच्या घरी कोण वारलं, कोण बाळंत झालं हे आप्पांना गावभर सकाळी सातच्या आत कळतं. सहाणेवर उभं राहून सोयर-सुतक विचारताना त्याने त्यांना आजवर कधी ऐकलं नव्हतं. आणि नॉर्वेचा तो आकडा?

त्याने मथुरेला हलवलं. "गो, आप्पांना ते एकशेवीस कुठून कळले असतील?"

"काल आलेले नातवाचा फोन घेऊन," मथुरा कूस बदलत म्हणाली. "नॉर्वे कसं लिहितात, विचारत होते."