सुगतनं पाठवलेलं गाणं

रेवणप्पा उदगीरला जायच्या आधी मुद्दाम लातूरला उतरला आणि विचारत विचारत व्यंकटी सूर्यवंशींच्या खोलीवर आला. आखातातून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला माणूस. त्यानं बॅगेतून एक कॅसेट काढून व्यंकटींच्या बायकोच्या, चांगुणाबाईच्या हातात दिली.

“सुगतनं दिलीय. घरी द्या म्हणला.”

“आन चिठ्ठी?”

“चिठ्ठी न्हाई, मावशी. एवढंच.”

व्यंकटी खाटेवर बसून होते. त्यांनी कॅसेटीकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

चार वर्षांपूर्वी लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा व्यंकटी उस्मानाबादच्या कचेरीतून इकडं बदलून आले. चपराशीच होते, पण नव्या जिल्ह्यात नव्या जागा निघणार हे त्यांना आधी कळलं होतं. त्यांनी साहेबांच्या पाया पडून पोरासाठी शब्द टाकला. सुगत तयार होईना. “तुम्ही जन्मभर साहेबाच्या दारात उभं राहिलात. मी उभं राहणार न्हाई,” असं तो तोंडावर बोलला. ते व्यंकटींच्या वर्मी लागलं. “मग ह्या दारात बी उभा राहू नको. जा,” ते म्हणाले. तो खरंच गेला. आधी मुंबई, मग आखात. बहिणीला, पंचशीलाला, त्याची पत्रं यायची. त्यात बापाचं नाव नसायचं आणि बापानंही कधी विचारलं नाही.

पंचशीला औशाच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. रोज सकाळच्या एस.टी.नं जायची. हेडमास्तरांना विचारून तिनं शाळेचा टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून घरी आणला. सगळे भोवती बसले. चांगुणाबाईनं पदर सारखा केला, जणू पोरगं समोर येऊन बसणार होतं.

आधी नुसती गिटार वाजली. बराच वेळ वाजली. मग एक बसक्या आवाजाचा माणूस इंग्रजीत गाऊ लागला, आणि मध्येच ढोल-ताशासारखा असा दणका उडाला की चांगुणाबाई दचकली. गाणं संपलं. पुढं कॅसेट कोरी फिरत राहिली. सुगतचा आवाज कुठंच नव्हता.

“काय म्हणतोय गं?” तिनं विचारलं.

पंचशीलाला काही कळलं नव्हतं. तिनं इंग्रजी घेऊन बी.ए. केलं होतं, पण सगळं पुस्तकातून, गाईडातून. खरं इंग्रजी कुणी तिच्याशी बोललंच नव्हतं, मग गाणं तर लांबच. ती ओशाळली. “एकदा ऐकून कळत नसतंय, माय. लिहून काढते.”

आठवडाभर ती शाळेतून आली की वही घेऊन बसायची. दोन शब्द ऐकायचे, थांबवायचं, मागं न्यायचं. वीज गेली की सेलवर. हळूहळू ओळी जमू लागल्या. कुणी एक माणूस घर सोडून आलाय. त्याला रस्ता आठवतो, निळं दार आठवतं, दारातला आईचा दिवा आठवतो. आणि दर कडव्याच्या शेवटी तो तीच ओळ म्हणतो. ती ओळ तिला स्वच्छ ऐकू आली: ‘आय कॅन कम होम.’

“मी घरी येऊ शकतो, असं म्हणतोय,” तिनं सांगितलं.

चांगुणाबाई रडायला लागली. दुसऱ्या दिवशी कचेरीत व्यंकटींनी सगळ्यांना सांगितलं, “आमचा सुगत येणार हाय. गाण्यातून कळवलंय त्यानं.” घरी येऊन त्यांनी सुतळी आणली आणि ढिली पडलेली जास्तीची खाट बसून विणून काढली.

पंचशीलाला एकच शंका उरली होती. दोन शब्द तिला लागत नव्हते. म्हणून रविवारी ती वही आणि टेप घेऊन आपल्या जुन्या प्राध्यापकांकडं, अमृतराव बिडव्यांकडं गेली. अमृतराव हैदराबादला हॉस्टेलात शिकलेले. तिथं त्यांनी असली गाणी पुष्कळ ऐकली होती. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“हा लढाईतून पळालेला शिपाई असावा,” ते म्हणाले. “ही ओळ काय लिहिलीस? कॅन?”

“हो सर. कान्ट असतं तर ऐकू आलं असतं.”

“आपण कान्ट म्हणतो. हा अमेरिकन आहे. ते कॅन्ट म्हणतात, आणि गाताना शेवटचा ट गिळतात.”

त्यांनी ती ओळ चारदा लावली. पंचशीलाला एकदा ट असल्यासारखा वाटला, एकदा नसल्यासारखा.

“मग खरं काय, सर?”

“मला सांगता येणार नाही. दोन्ही बसतं. येता येत नाही म्हणूनच दार, दिवा आठवत असेल. किंवा उद्या निघायचंय म्हणून आठवत असेल.”

घरी आल्यावर तिनं हे कुणाला सांगितलं नाही. चार दिवस तशीच गेली. चांगुणाबाई टँकरच्या रांगेत उभी राहून बायांना पोराच्या येण्याचं सांगायची, आणि ते ऐकून पंचशीलाला घागर उचलवायची नाही. पाचव्या दिवशी व्यंकटी हजामत करून आले आणि म्हणाले, “कधी येतो ते बी असंल की गाण्यात. नीट बघ.”

तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं.

व्यंकटी खाटेच्या कडेवर बसले. “म्हंजे एका ट मधी सगळं अडकलंय म्हण.”

“हाव, बा. मी आधीच सांगायला पाहिजे होतं. माझंच चुकलं.”

“तुझं काय चुकलं?” त्यांनी खाटेच्या सुतळीवरून हात फिरवला. “मी त्याला बोललो ते तर साफ ऐकू आलं होतं. तिथं कुठला ट गिळला नव्हता मी.”

चांगुणाबाई चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत त्यांनी ती गोष्ट पहिल्यांदाच काढली होती.

“गाण्याला काय इचारायचं? त्यालाच इचार,” ते म्हणाले.

“तुम्हीच विचारा ना, बा. कॅसेटीची मागची बाजू कोरी हाय. रेवणप्पा परत जाणार हायत.”

तिनं दोन बटणं दाबून टेप त्यांच्यासमोर धरला. व्यंकटी साहेबापुढं उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. “मी व्यंकटी बोलतोय,” त्यांनी सुरुवात केली. नळाला चार दिवसाआड पाणी येतंय, मायचे गुडघे दुखतात, पंचशीलाला नोकरी लागली, असं एकेक सांगत गेले. मग थांबले. कॅसेट फिरत होती.

“सुगत, मी तवा बोललो ते बोलाय नको होतं. तुझ्या गाण्यात येतो म्हणलंय का येत न्हाई म्हणलंय, ते हिला बी कळंना आन हिच्या सरला बी कळंना. तूच सांग बाबा.”

दोन महिन्यांनी पाकीट आलं. ते पहिल्यांदाच व्यंकटींच्या नावावर होतं. त्यांनी स्वतः फोडलं, पण वाचायला पंचशीलाकडं दिलं.

सुगतनं लिहिलं होतं: ‘बा, मला त्या गाण्यातलं काहीच कळत नव्हतं. मी तीन शुक्रवार, सुट्टीच्या दिवशी, टेप घेऊन तुमच्याशी बोलायला बसलो. बा म्हटलं की पुढं शब्द येईना. खोलीतल्या फिलिपाइन्सच्या पोराकडं हे गाणं होतं. ऐकलं की घर आठवायचं, म्हणून तेच भरून पाठवलं. तुमची टेप आल्यावर त्याला अर्थ विचारला. तो म्हणतो, गाण्यातला माणूस येऊ शकत नाही. पण मी येऊ शकतो. एप्रिलात सुट्टी आहे.’

एप्रिलात तो आला. अंगानं भरलेला, केस विरळ झालेले. दारात थबकला, तसे व्यंकटी पुढं झाले आणि त्याच्या हातातली बॅग घेतली. “चल, आत चल,” एवढंच म्हणाले. चांगुणाबाई त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरचं पाणी बघून सुगत हसला. तिथं तो समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात कामाला होता.

“गोडं करता? खारं पाणी?” व्यंकटींचा विश्वास बसेना. “कसं?”

“तापवायचं, बा. वाफ धरायची.”

“आन मीठ? मीठ कुठं टाकता?”

सुगत खाली बसून कोळशानं फरशीवर नळ्या काढू लागला. व्यंकटी चष्मा लावून शेजारी बसले. एक नळी कळली की दुसरीवर बोट ठेवायचे. कचेरीची वेळ होत आली होती, पण त्यांनी घड्याळाकडं बघितलं नाही. पंचशीलाची औशाची एस.टी. निघायची होती. ती चपला घालून हळूच बाहेर पडली. मागून व्यंकटींचा आवाज येत होता, “थांब, थांब. हे परत सांग.”