नंदकलीची परात आणि हिरवा जमरा

‘नऊ दिवस अंधारात ठेवायचं, एवढं साधं काम! तेही जमलं नाही तुला?’

‘आई, मला वाटलं रोपं आजारी पडलीत.’

‘आजारी? जमरा कधी आजारी पडतो? अगं, तो पिवळाच असतो, सोन्यासारखा! हे काय उगवून ठेवलंयस? बकऱ्यांचा चारा?’

सासू-सुनेचं हे भांडण अंगणात माझ्यावर ओणवं होऊन चाललं होतं. कारण तो हिरवागार जमरा, म्हणजे सणासाठी पेरलेले जवाचे अंकुर, माझ्यातच उभा होता. मी तांब्याची परात बोलतेय. मधे कुणी बोलायचं नाही. साठ वर्षं गप्प बसलेय मी.

भोजपूरकडच्या टक्सार या तांबटांच्या गावात एका कारागिरानं मला ठोकून ठोकून घडवलं. त्याचा एक घाव चुकला आणि माझ्या काठाला पोचा पडला. तो अजून आहे, आणि मला त्याची लाज नाही. सोळा वर्षांच्या नंदकलीबरोबर मी या डोंगरावर सासरी आले. पाठीवर घेऊन चढणारा हमाल वाटभर मला शिव्या देत होता. देऊ दे. हलकी नव्हतेच मी.

सुरुवातीला माझ्यावाचून पान हलत नसे. शेकडो सेलांचं, म्हणजे तांदळाच्या तळलेल्या गोड कड्यांचं, पीठ माझ्यात भिजलं, तीन पोरं माझ्यात बसून न्हाली. मग स्टील आलं, प्लास्टिक आलं, आणि मी माळ्यावर भोपळ्यांखाली गेले. माणसांचं असंच. जड वस्तूचं कौतुक करतील, पण उचलायला नको!

तरी घटस्थापनेला मला उतरवावंच लागतं. राखेनं घासतात, वाळूमाती भरतात, जव पेरतात आणि माडीवरच्या खोलीत खिडकी लावून ठेवतात. दशैंचे, म्हणजे आमच्या दसऱ्याचे, ते दिवस मी राणी.

यंदा पाणी घालायचं काम जसमायाकडे आलं. नवी सून, राई जमातीच्या घरातली. तिच्या माहेरी जमरा पेरत नाहीत. नवरा कतारला, त्याला सुट्टी मिळाली नाही. सासू तुलसाचे गुडघे दुखतात, ती माडीवर चढत नाही. त्यामुळं वर आम्ही दोघीच. रोज सकाळी येऊन विचारायची, ‘काय गं परातबाई, पोरं कशी आहेत?’ इतक्या वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. सहाव्या दिवशी तिनं त्या फिक्या पात्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘अगं बाई, कावीळ झाली की यांना!’ आणि उघडली खिडकी.

खरं सांगते, मला बरं वाटलं. या दिवसांत अंगावर ऊन कधी घेतलंय मी? रोपं तर तीन दिवसांत अशी तरारली, की जसमाया टाळ्या वाजवायची.

आज दशमी, थोरांनी धाकट्यांच्या कपाळी टिळा लावून डोक्यावर जमरा ठेवायचा दिवस. मला खाली आणलं आणि हे सुरू झालं.

‘शेजारून पिवळा मागून आणते मी,’ तुलसा म्हणाली. ‘आणि हिला यंदा टिळा नको. माझं पोर परमुलखात उन्हातान्हात राबतंय, आणि घरात हा अपशकुन! त्याला काही झालं तर?’

शेवटी तिचा आवाज चिरकला. तो राग नव्हता, धास्ती होती.

‘मग मी आत बसते,’ जसमाया म्हणाली. पण माझा काठ तिनं सोडला नाही. पहिल्याच दशैंला कपाळ कोरं राहिलं, तर या घरात ती कायमची पाहुणीच राहणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मी काय करणार? मला हात नाहीत. एवढंच मागणं आहे: अकरा महिने भोपळ्यांखाली ठेवा, मी सुखानं पडून राहीन, पण मला उतरवायला दरवर्षी हिलाच पाठवा. हिच्या हातची चूकही मला गोड लागते.

रेडिओनं टिळ्याच्या मुहूर्ताला पाच मिनिटं उरल्याचं सांगितलं. आजेसासू नंदकली मघापासून चटईवर बसून दही, तांदूळ आणि लाल रंग कालवत होती. आता ती माझ्याकडे झुकली. मूठभर हिरवा जमरा उपटला, नाकाशी धरून दोनदा वास घेतला, आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली,

‘तुलसे, देवीला अंधाराचाच एवढा सोस असता, तर तिनं हा टिळा अमावास्येला नसता का ठेवला? ये गं जसमाया, कपाळ पुढं कर, यंदाचा पहिला टिळा तुझा!’