कानवाल्या बाई

काचेपलीकडे पाच वर्षांची मुलगी हेडफोन लावून बसली होती. आवाज आला की एक कडी खुंटीवर अडकवायची, एवढाच खेळ. बाईंनी आवाज कमी कमी करत पार तळाला नेला, तरी मुलगी न चुकता कडी अडकवत होती. शेवटी बाईंनी माईकवरून तिला नावाने हाक मारली. दोनदा. मुलगी कड्या रंगांप्रमाणे लावत राहिली.

"बघा," मागून तिचा बाप म्हणाला. तो शिंपी होता. दुकानातून तसाच आलेला, शर्टावर दोऱ्यांचे तुकडे. "घरीपण हेच. मान वर करेल तर शपथ. हिची आजी म्हणते, लाडावून ठेवलीय. कान ठीक आहेत का तेवढं सांगा."

चोवीस वर्षं श्रवणचाचणीच्या या खोलीत काढल्यावर शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना 'कानवाल्या बाई'च म्हणत.

"कान उत्तम आहेत," बाई म्हणाल्या.

शिंप्याने श्वास सोडला. मग त्याचा जबडा आवळला. "म्हणजे मुद्दाम करते."

बाईंचा हात फॉर्मवर तसाच राहिला.

शिकत असताना त्यांनी स्वतः काढलेला पहिला रिपोर्ट धाकट्या भावाचा होता. तो एकोणीस वर्षांचा. मोजकं बोलायचा, नजरेला नजर द्यायचा नाही, पाहुणे आले की कान झाकून घ्यायचा. आलेख अगदी स्वच्छ आला. त्यांनी तो कौतुकाने घरी नेला. वडिलांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "म्हणजे ऐकू येतं साहेबांना." तोवर भाऊ घरात बिचारा होता. त्या संध्याकाळपासून तो उर्मट ठरला. वडिलांचा पट्टा निघू लागला.

दीड वर्षाने तो घरातून निघून गेला. अख्खी गल्ली दोन दिवस त्याच्या नावाने हाका मारत फिरली. तिसऱ्या दिवशी जुन्या पंपघरात सापडला. पायऱ्यांवरून पडून पाय मोडलेला, थंडीने गेलेला. त्या पंपघरावरून बाई चार वेळा गेल्या होत्या, हाका मारत. त्याला प्रत्येक हाक ऐकू आली असणार. याची खात्री त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती. कान त्यांनीच तपासले होते.

"मुद्दाम नाही करत ती," बाई म्हणाल्या.

"मग काय, डोकं कमी आहे? शंभरपासून उलटे आकडे म्हणते. दुकानातले सगळे दोरे नंबरासकट पाठ आहेत तिला."

"डोकं कमी आहे असं मी कुठे म्हटलं? स्वमग्नता असू शकते, दादा. हुशार मुलांतही असते. ते ठरवणं माझं काम नाही, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर बघतील. पण आवाज कानात शिरणं वेगळं आणि 'ही हाक माझी, आता तिकडे बघायचं' हे जुळणं वेगळं."

"लाडाने होतं का असं?"

"नाही. आणि माराने जात नाही."

शिंपी खाली बघू लागला. "काल मारलं मी," तो म्हणाला. "रडली नाही. मला वाटलं, हिला काही लागतच नाही."

"लागतं," बाई म्हणाल्या.

या खोलीतून फक्त आकडे बाहेर जावेत, असा विभागाचा नियम होता. "बाई, आपण कानापुरतं," असं साहेबांनी दोनदा बजावलंही होतं. बाईंनी आकड्यांखाली लिहिलं: 'नावाला प्रतिसाद नाही. हा हट्ट समजू नये. बालविकास तज्ज्ञांना दाखवावे.' खाली पूर्ण सही केली.

मुलगी तोवर बाहेर जाऊन फरशीच्या रेघेवर बसली होती. शिंपी दारात आला, हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग जाऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसला, हात तिच्यासमोर उघडा धरून. तिने पाहिलं नाही. तो बसून राहिला. लोक त्यांना वळसा घालून जात होते.

बाईंनी पुढचा फॉर्म उचलला. त्यावरचं नाव पुकारायचं होतं. बराच वेळ त्यांना आवाजच फुटला नाही.