मालनचे चित्र आणि आवाजाची तार

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या पोटात हिरव्या रंगाची एक पट्टी खोचलेली असते. पडद्यावर तुम्हाला जे काही दिसते, ते ती पट्टी काढत असते. लोक तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. मी तसेच एक कार्ड आहे, आता जुने झालेले. कराडच्या एका घरात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, गुंता झालेल्या तारांखाली मी पडून आहे. इथे ऊन नाही, पाऊस नाही, काम नाही. म्हणून माझी हकिकत सांगते.

माझा जन्म तैवानातल्या एका कारखान्यात झाला. तिथे बायका ओळीने बसून काम करत. एकीने मला भिंगाखाली धरून पाहिले आणि खोक्यात घातले. मग जहाज, मग मुंबई, मग ट्रक. १९९८ साली मी सांगलीत उतरले.

एसटी स्टँडजवळ तौसीफचे जिन्यावरचे छोटे दुकान होते. तिथल्या फळीवर माझ्या शेजारी दुसरे एक कार्ड होते. त्याच्या डोक्यावर छोटा पंखा होता आणि त्याच्या खोक्यावर तलवार घेतलेला राक्षस छापला होता. माझ्या खोक्यावर सोफ्यावर बसलेले एक हसरे कुटुंब होते. कॉलेजची मुले आली की राक्षसाचे खोके खाली काढायला सांगत. मला कोणी हात लावत नसे. मला त्याचे वाईट वाटले नाही. वाट पाहण्याची सवय झाली की वाईट वाटत नाही.

एके दिवशी दुपारी बाप आणि मुलगा दुकानात आले. बापाचे नाव लालासाहेब. ते साखर कारखान्यात फिटर होते. घर कराडला, आणि मुलगा सिद्धू तिथेच इंजिनिअरिंग शिकत होता. गेमसाठी कार्ड घ्यायचे, असे त्याचे वर्षभर चालले होते. लालासाहेबांनी कबूलही केले होते. पण मध्यंतरी घरातली बाई गेली. मालन तिचे नाव. कावीळ झाली, आणि पंधरवड्यात ती गेली.

लालासाहेबांनी पिशवीतून एक व्हिडिओ कॅसेट काढली आणि काउंटरवर ठेवली.

"ह्यातलं चित्र कॉम्प्युटरात घालायचं हाय," ते म्हणाले. "कुठल्या कार्डानं निघंल?"

तौसीफने कॅसेटचे झाकण उचलून आत पाहिले. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. कराडच्या दमट भिंतीच्या फळीवर ती दोन पावसाळे पडून होती.

"टीव्ही दुरुस्तीवाल्या भाऊसोला दाखवली," सिद्धू म्हणाला. "तो म्हणतो, एकदा चालंल, दुसऱ्यांदाचा भरवसा न्हाई. दुसऱ्या कॅसेटवर उतरवली तर तीबी उद्या अशीच कुजायची. म्हणून कॉम्प्युटरात घेतो."

"मग हे घे," असे म्हणून तौसीफने मला खाली काढले. "ह्याला मागं हे पिवळं भोक हाय. व्हीसीआरची तार ह्यात घातली की चित्र आत येतं. पण गड्या, गेमला हे बैलगाडी हाय. शेजारचं घेतलंस तर गेम पळंल, पण त्याला पिवळं भोक न्हाई. काय ते तूच ठरव."

सिद्धूचा हात राक्षसाच्या खोक्यावर होता. बराच वेळ तो तिथेच राहिला.  लालासाहेब खिडकीतून खाली एसटीकडे पाहत उभे राहिले. शेवटी सिद्धूने हात काढून माझ्यावर ठेवला.

"आन ऐक," तौसीफ म्हणाला. "ह्या कार्डातनं फक्त चित्र जातं, आवाज न्हाई. आवाजाची तार वेगळी. ती साउंड कार्डाच्या भोकात घालायची. तिथं चार भोकं सारखीच दिसतात. घातली की आधी ऐकून बघ, मगच कॅसेट लाव."

सिद्धूने मान हलवली.

आता त्या कॅसेटमध्ये काय होते, ते सांगते. मालनचे माहेर म्हसवडचे. तिथे तिच्या भाचीचे, उमाचे लग्न झाले, त्याची ती कॅसेट. कॅमेरावाल्याने भांडी, रुखवत आणि जेवणाच्या पंगतीच जास्त काढल्या होत्या. पण एका ठिकाणी बायकांनी मालनला दारात अडवले होते. नाव घेतल्याशिवाय आत सोडायचे नाही, असा हट्ट धरला होता. मालन लाजली, पदर सावरला आणि तिने उखाणा घेतला. आपल्याकडे जुन्या वळणाची बाई नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही. तिने आयुष्यभर लालासाहेबांना "आवं" म्हणूनच हाक मारली. तिच्या तोंडचे आपले नाव एवढ्याच एका जागी उरले आहे, हे लालासाहेबांना ठाऊक होते. ते त्यांनी कोणाला बोलून दाखवले नाही. पण सांगलीहून येताना एसटीत त्यांनी कॅसेटची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरी आल्यावर सिद्धूने मला कॉम्प्युटरमध्ये बसवले. चित्राला जागा लागते, म्हणून त्याने आपले सगळे गेम पुसून टाकले. मग त्याने स्पीकर पुसायला घेतले, तेवढ्यात अंबूबाई बाहेर आल्या. अंबूबाई म्हणजे लालासाहेबांची थोरली बहीण. मालन गेल्यापासून त्याच घर चालवत होत्या.

"हे काय मांडलंयस रं?"

"आत्या, आईची कॅसेट लावतोय."

"लग्नाची न्हवं? सनई वाजणार न्हवं तिच्यात? वरीस सरलं न्हाई अजून, आन ह्या घरात सनई वाजवतोस? गल्लीनं तोंडात शेण घालावं आमच्या?"

"आईचा आवाज हाय तिच्यात."

"आसंल. तिचा आवाज काय पळून जातोय? वरीस झालं की ऐका की पोटभर. मी बी ऐकंन."

सिद्धूने बापाकडे पाहिले. लालासाहेब भिंतीला टेकून बसले होते. "ती म्हणती तसं कर," ते म्हणाले.

कुजणारी कॅसेट वर्षभर थांबणार नव्हती, म्हणून आवाज न करता ती नुसती उतरवून घ्यायची, असे ठरवून सिद्धूने स्पीकरची तार उपटली आणि स्पीकर कपाटावर ठेवले. मग कॉम्प्युटरच्या मागे, भिंतीच्या फटीत हात घालून त्याने आवाजाची तार लावली. चार भोकांपैकी एक नुकतेच रिकामे झाले होते, स्पीकरचे. ते बाहेर आवाज सोडणारे भोक. हाताला तेच लागले, तार त्यातच गेली. मी शेजारच्याच खाचेत होते. मला दिसले. पण मित्रांनो, माझ्यासारखीला फक्त चित्र काढता येते. बोलता येत नाही.

कॅसेट सुरू झाली. भांडी आली, पंगती आल्या, मांडव आला. बुरशीमुळे चित्रात पांढऱ्या रेघा पडत होत्या. मग दार आले आणि दारात मालन आली. पडद्यावर मी तिचा पदर रेखला, कुंकू रेखले, हसू रेखले. जेवढे आले तेवढे सगळे रेखले.  अंबूबाई परातीतले तांदूळ निवडायच्या थांबल्या. मालनचे ओठ हलले, बायका हसल्या आणि ती आत गेली.

थोड्या वेळाने व्हीसीआरमध्ये खरखर झाली. फीत आत गुंडाळली जाऊन तुटली. भाऊसो येऊन तुकडे काढून गेला. "जमत न्हाई आता," म्हणाला. पण कोणी घाबरले नाही. चित्र कॉम्प्युटरात आले होते. आवाजही आला असणार, असे सगळे धरून चालले.

पुढचे महिने शांत गेले. सिद्धूचे मित्र यायचे, गेम नाहीत हे पाहून चिडवायचे.

"सिद्ध्या, राक्षस सोडून बैलगाडी आणलीस व्हय रं?"

"व्हय. तुला बसायचं आसंल तर बस मागं," तो म्हणायचा.

लालासाहेब कारखान्यातून आले की कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर टेकायचे. तो चालू करा, असे कधी म्हणाले नाहीत. वर्ष सरायची वाट पाहत होते, एवढेच.

वर्षश्राद्ध झाले. पाहुणे जेवून गेले. म्हसवडहून आलेली उमा मागे राहिली. अंबूबाईंनी स्वतः कपाटावरून स्पीकर काढले आणि पदराने पुसले. "लाव आता," त्या म्हणाल्या. "सनई वाजू दे न्हाईतर ढोल वाजू दे."

स्पीकर लावण्यासाठी सिद्धूने मागे हात घातला, तेव्हा त्याच्या हाताला ती आवाजाची तार लागली. कोणत्या भोकात आहे ते त्याने वाकून पाहिले. तो तसाच वाकून राहिला. मग तार काढून स्पीकर लावले आणि चित्र सुरू केले. मालन दारात आली. ओठ हलले. बायका हसल्या. स्पीकरमधून फक्त बारीक घूं असा नाद येत होता.

"मोठं कर की," अंबूबाई म्हणाल्या.

"मोठंच हाय, आत्या. आवाज आलाच न्हाई."

कोणी रडले नाही. अंबूबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "मी वरीस होऊ दे म्हणलं हुतं. कायमचं न्हाई म्हणलं."

उमा पुढे आली. "मामा, मला तो उखाणा पाठ हाय. 'म्हसवडच्या रथाला पानाफुलांचं तोरण, लालासाहेबांचं नाव घ्यायला कशाला हवं कारण?' असाच घेतला हुता त्यांनी. मी म्हणते, सिद्धू तिथं बसवंल माझा आवाज."

सिद्धू बापाकडे वळून म्हणाला, "बसवता येतो, आण्णा."

"नको," लालासाहेब म्हणाले. "ओठ तिचं आन आवाज दुसऱ्याचा, आसं नको. मुकी आसू दे. हाय ती तिचीच हाय."

सिद्धूने मान खाली घातली. मग हाताला काहीतरी काम हवे म्हणून त्याने माइक काढला आणि योग्य भोकात लावला. "तार बरोबर बसली का बघतो," तो म्हणाला. "आण्णा, कायतरी बोला."

 जुन्या वळणाचा पुरुष बायकोलाही चारचौघांत नावाने हाक मारत नाही. लालासाहेबही तिला "आगं" म्हणत आले होते. ते माइकपाशी वाकले. अंबूबाई समोर होत्या, उमा होती.

"मालन," ते म्हणाले.

पडद्यावर आवाज दाखवणारी एक सरळ हिरवी रेघ होती. ती वर उठली, दोनदा थरथरली आणि पुन्हा सरळ झाली. ती रेघ मी काढली. इतकी वर्षे मी पडद्यावर पुष्कळ काही काढले. त्यातले फारसे आठवत नाही. ती रेघ आठवते.

"ठेवू का?" सिद्धूने विचारले.

"ठेव," लालासाहेब म्हणाले.

पुढे सिद्धूला पुण्यात नोकरी लागली. घरात नवा कॉम्प्युटर आला आणि मी डब्यात आले. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी दुकानात माझ्यासारखे कार्ड निवडायला जाल. गेम पळेल का विचाराल, चित्र स्वच्छ येईल का विचाराल. जरूर विचारा. घरी येऊन तार जोडली की सगळ्यात आधी कान देऊन ऐका, ऐकायचे पुढे ढकलू नका. आणि ज्या माणसाचा आवाज अजून तुमच्या घरात आहे, त्याला आजच त्याच्या नावाने हाक मारा. त्याला तार लागत नाही.