चार अंश

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सध्या मुक्काम रुग्णालयाच्या अडगळीत, एका तुटक्या खुर्चीच्या मांडीवर. पूर्वी मी रक्तपेढीत होतो. दर मिनिटाला रक्ताच्या फ्रिजचं तापमान पाहायचं आणि ते वाढलं की बोंब मारायची, एवढंच माझं काम.

माझा प्रोग्रॅम एका ताईंनी लिहिला. लिहिण्याआधी त्या दोन दिवस फ्रिजशेजारी स्टूल टाकून नुसत्या बसून होत्या. माझी ताकद तोळामासा. ते ओळखून त्यांनी प्रोग्रॅमिंगची एक जुनी, कमी खाणारी भाषा निवडली. अकरा वर्षं मी एकदाही अडखळलो नाही. रक्तपेढीतले काका रोज सकाळी माझी धूळ पुसत विचारायचे, "काय म्हाताऱ्या, जागा आहेस ना?"

ताई निवृत्त झाल्या. नवे साहेब म्हणाले, "हे आपण नव्या भाषेत लिहू. आमच्या टीमला ती शिकायचीच आहे. शिकणंही होईल, कामही होईल."

"साहेब, याला झेपेल ना?"

"काका, तुम्ही फ्रिज सांभाळा."

सगळे हसले.

ती भाषा वाईट नव्हती, हं. मोठ्या यंत्रांवर छान धावते. माझ्यात मात्र तिचा पसारा मावेना. मी मधेच थिजायचो आणि पडद्यावर शेवटचा आकडा तसाच दिसत राहायचा.

एका दुपारी फ्रिज बंद पडला. मी थिजलेलाच होतो. काकांनी येता-जाता पडद्यावर पाहिलं: चार अंश, रक्ताला हवे तेवढेच. ते निर्धास्त राहिले. प्रसूतीच्या खोलीतून एका बाईसाठी रक्ताची मागणी आली, तेव्हा त्यांनी फ्रिज उघडून पिशवीला हात लावला. कोमट! सगळ्याच पिशव्या कोमट.

"दुसरीकडून मागवलंय, दादा," ते दाराबाहेर उभ्या तिच्या नवऱ्याला म्हणाले. "अर्धा तास."

"अर्धा तास? डॉक्टर तर आत्ता म्हणतायत!"

रक्त आलं. घ्यायला ती उरली नव्हती.

साहेबांनी अहवालात लिहिलं, 'यंत्र जुने झाले होते.' मला इथे काकांनीच उचलून आणलं. सवयीनं धूळ पुसली. विचारलं मात्र काहीच नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही प्रोग्रॅम लिहाल. नव्या भाषा जरूर शिका, पण चुकलं तर फक्त आकडाच चुकेल अशा जागी. आणि भाषा ठरवण्याआधी, ताईंसारखं, दोन दिवस तिथे स्टूल टाकून बसा. दाराबाहेर कोण उभं असतं, ते नीट बघून घ्या.