देदेई आजीचा थर

समुद्रकाठच्या टेशी गावात तेत्तेच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मासळीवाल्या टोपल्या खाली ठेवून आल्या होत्या, पोरं भिंतीवर चढून बसली होती. मधोमध बाकावर तीन वाडगे, आणि तीन बायका अंड्याचं पांढरं फेटायला बसल्या होत्या. तेत्तेची बायको लामिले, त्याची धाकटी बहीण आणि त्याची आई, देदेई आजी.

तेत्तेच्या मुलीचा, शोर्मेचा वाढदिवस होता. या घरात वाढदिवसाचा केक एकटीने कुणी करत नसे. घरातल्या प्रत्येक बाईने आपला एक थर करायचा, आणि आजीचा सगळ्यांत खाली. वरचं ओझं पेलायचं तर तोच हात हवा, असं सगळे मानायचे. यंदा मात्र या रीतीत प्रॉफेट ओबादायाने, गावात प्रार्थनासभा भरवणाऱ्या बुवाने, नाक खुपसलं होतं.

मागच्याच महिन्यात लामिलेचं तान्हं बाळ तापाने गेलं होतं.

"बाळ कुणीतरी खाल्लंय," ओबादाया म्हणाला. पांढरा सूट, पांढरे बूट, आणि कर्ण्याशिवायही कर्ण्यासारखा आवाज. "घरातल्याच बाईनं, चेटूक करून खाल्लंय. अंडं म्हणजे जीव, बहिणींनो. ज्या हातानं जीव खाल्ला, त्या हातात जीव फुलत नाही. आज स्वर्ग साक्ष देणार. फेटा."

आधी त्याने तिन्ही वाडग्यांत अंगठा गोल फिरवून आशीर्वाद दिला होता, दोन वाडग्यांत उजवा, आजीच्या वाडग्यात डावा. डोळे मिटून, ओठ हलवत.

दोन वाडग्यांत पिंजलेल्या कापसासारखा फेस वर आला. देदेई आजीच्या वाडग्यात नुसती पेज. म्हातारीने हात बदलला, परत फेटलं. अर्ध्या टेशीला याच हाताने केक शिकवला होता. तरी फेस काही येईना.

"आजी, आत पिवळा बलक पडला असेल," शेजारची ओदार्ले ओरडली. "डोळ्यांना दिसतंय कुठे तुला. ते ओत आणि दुसरं अंडं घे."

ही ओदार्ले पन्नाशीची. केक विकून पोट भरायची आणि लोकांच्या खोड्या काढून मन. एकदा बाजाराच्या मुकादमाला तिने साबणाच्या वडीवर आयसिंग लावून वाढदिवसाला दिलं होतं. तो आजही तिला पाहिलं की तोंड पुसतो.

आजीने त्याच वाडग्यात दुसरं अंडं घेतलं. तेही पातळच राहिलं. कुणीतरी थुंकलं.

"आई, तुम्ही?" लामिले म्हणाली. एवढंच.

"मी काही नाही गं केलं. मी तर म्हणत होते, लेकराला दवाखान्यात न्या."

खरं दुखणं तिथेच होतं. सुई टोचली की श्रद्धा गळते, असं सांगून ओबादायाने तापलेलं बाळ प्रार्थनेत ठेवून घेतलं होतं. बाळ पुरल्यावर आजी भर मासळीबाजारात उभी राहिली आणि म्हणाली, "माझं नातवंड त्या पांढऱ्या बुटानं मारलं." तेव्हापासून त्याच्या सभेतल्या खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या होत्या.

आजीला ओबादायाच्या गाडीत घातलं आणि अंगातलं चेटूक उतरवायला डोंगरावरच्या त्याच्या प्रार्थनातळावर नेलं. तेत्ते जमिनीकडे बघत राहिला. शोर्मे नवा फ्रॉक घालून दारात उभी होती, केक कधी कापायचा म्हणून विचारत होती.

गर्दी पांगल्यावर ओदार्ले भांडी घासायला बसली. आजीच्या वाडग्यात पाणी ओतलं तर ते पसरेना, थेंब थेंब होऊन घरंगळायला लागलं. तिने वास घेतला. खोबरेल. वाडगा गरम पाण्यानं आणि लिंबानं धुतल्याशिवाय आजी कधी अंडं फोडायची नाही. म्हणजे तेल धुतल्यानंतर आलं. त्या डाव्या अंगठ्यावरून आलं.

एरवी ओदार्ले पोट धरून हसली असती. लबाडी इतकी साधी होती की तिलाही सुचली असती. आज हसू आलं नाही.

त्याच क्षणी तिने वस्तीत बोंब ठोकायला हवी होती. पण खोड काढायची तर भरल्या सभेत, असा तिचा स्वभाव. ती रविवारपर्यंत थांबली.

रविवारी तिने ओबादायाच्याच दुकानातून मंतरलेल्या खोबरेलाची बाटली घेतली, एका वाडग्याला आतून बोट फिरवलं आणि सभेत त्याच्यासमोर गुडघे टेकले.

"पापा, आज मंडळीसाठी केक करतेय. वरचा थर तुमच्या हातचा हवा. निर्मळ हात कसा असतो, ते बघू दे सगळ्यांना."

"तुझ्या मुखातून स्वर्ग बोलतोय, बहिणी," म्हणत त्याने बाह्या सारल्या.

फेटतोय, फेटतोय. पांढरा सूट काखेत ओला झाला.

"पापा, अंडं फेटताय की होडी वल्हवताय?" मागून एक कोळी म्हणाला.

"अंडी शिळी आहेत," ओबादाया म्हणाला.

"बरं," ओदार्ले उठली. "लामिले, ये इकडे. याच अंड्यांतलं एक या दुसऱ्या वाडग्यात फेट."

स्वच्छ वाडग्यात फेस आला.

"आता एक पापांच्या वाडग्यात."

पेज. लामिले त्या पेजेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझं बाळ मीही खाल्लं?"

ओदार्लेने तेलाची बाटली वर धरली. "कुणी कुणाला खाल्लं नाही, पोरी. पांढरं फेटलं की त्यात हवा कोंडते, म्हणून ते फुगतं. बोटभर तेल लागलं तर हवा टिकत नाही. मी त्याच्या वाडग्याला लावलं, त्यानं आजीच्या लावलं. मग फेस पापाच्या हातानंही येत नाही, पुण्याच्या हातानंही येत नाही. बाळाला ताप होता. तापाला औषध लागतं."

लोक वळून बघेपर्यंत ओबादाया मागच्या दारानं गेला होता.

तेत्ते, लामिले आणि ओदार्ले तडक डोंगरावर गेले. आजी झाडाखाली बसली होती, पायात साखळी, ओठ उपवासानं फुटलेले. तेत्तेने साखळी सोडवली. ओदार्लेने धुतलेला वाडगा मांडीवर ठेवला, अंडं फोडलं. "फेट, आजी."

आजीने फेटलं. फेस वर आला, घट्ट, टोक धरणारा.

"बघ आई," तेत्ते रडत म्हणाला.

आजीने फेसाला बोट लावून बघितलं. "इथं माझ्यावर प्रार्थना झाल्या ना," ती म्हणाली, "म्हणून आला. उतरलं वाटतं माझ्यातलं." मग लामिलेचा हात धरला. "माफ कर पोरी. तुझं लेकरू कसं खाल्लं, मला आठवतसुद्धा नाही."

ओदार्लेने तेल सांगितलं, अंगठा सांगितला, पुन्हा पुन्हा सांगितलं. म्हातारी मान हलवत राहिली, लहान मुलाची समजूत काढावी तशी. ती घरी आली, पण शोर्मेला कुशीत घेत नाही. घेववत नाही तिला.

तेव्हा बाबांनो, तापलेलं लेकरू दवाखान्यात न्या. कुणी चमत्कार दाखवला तर त्याचा अंगठा बघा, वास घ्या, वाडगा बदलून मागा. आणि ते तिथल्या तिथे मागा, त्याच अंगणात. रविवारपर्यंत थांबलात तर सगळ्या गावाला खरं पटवता येईल, पण जिच्यावर आळ आला तिला तोवर खोटंच पटलेलं असेल.